भाच्याला एएलडी निघालाय: मेंदूतला दाह, बीएमटी आणि घरातल्या इतरांच्या तपासण्या

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. एरवी मी क्रिकेट आणि पाककृतींच्या धाग्यांवर असतो, आरोग्य विभागात पहिल्यांदाच लिहितोय. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

बहिणीचा थोरला मुलगा यंदा तिसरीत गेला. दिवाळीनंतर शाळेतून तक्रारी सुरू झाल्या: लक्ष नसतं, सांगितलेलं ऐकत नाही, अक्षर बिघडलंय. त्याच्या वह्या मी स्वतः चाळल्या. दिवाळीआधीचं अक्षर रेघेला धरून आहे. नंतरच्या पानांवर शब्द रेघ सोडून खाली उतरलेत, वेलांट्या भलत्याच अक्षरावर पडल्यात. श्रुतलेखनात निम्मे शब्द गाळलेले. तेच पुस्तकात बघून लिहायला सांगितलं की बऱ्यापैकी जमायचं. फोनवर आजीशी बोलताना सारखं "काय? काय?" चालायचं. समोर बसून बोललं की कळायचं.

कान तपासले, चांगले निघाले. डोळ्यांना नंबर नाही. समुपदेशकांनी अतिचंचलता सांगितली. मग एकदा बाजूने येणारी सायकल त्याला दिसलीच नाही आणि थोडक्यात वाचला, तेव्हा एमआरआय झाला. मेंदूच्या मागच्या भागात दोन्हीकडे व्हाइट मॅटर (चेतातंतूंचा पांढरा भाग) बिघडलेलं आणि त्याची कड कॉन्ट्रास्ट (शिरेतून दिलेलं, एमआरआयवर चमकणारं द्रव्य) घेतेय. रक्तात व्हीएलसीएफए (फार लांब साखळीची मेदाम्लं) वाढलेली, जनुक तपासणीत एबीसीडी१ मध्ये दोष. निदान: सेरेब्रल एएलडी, म्हणजे ॲड्रिनोल्युकोडिस्ट्रॉफी. लोस स्कोअर (एमआरआयवर मेंदू किती बिघडलाय त्याचा आकडा) ७. कॉर्टिसॉलही (ॲड्रिनल ग्रंथीचं संप्रेरक) खूप कमी होतं, त्यासाठी हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉईड सुरू झालंय.

आता विचारायचंय ते असं. मेंदूत दाह आहे म्हणतात आणि स्टेरॉईड तर चालूच आहे. मग त्यानेच सूज उतरणार नाही का? एक डॉक्टर म्हणतात बीएमटीची (बोन मॅरो, म्हणजे अस्थिमज्जा प्रत्यारोपणाची) तयारी आजपासून करा, दुसरे म्हणतात पुढचा एमआरआय बघून ठरवू. आणि घरात तिसराच विषय पेटलाय. दाजींच्या घरचे म्हणतात, आमच्या सात पिढ्यांत असं नव्हतं, हे तुमच्याकडून आलं. बहीण कुणाशीच बोलत नाहीये. धाकटा भाचा चार वर्षांचा आहे, एकदम ठणठणीत.

---

अबोली_९

बाप रे. वाचतेय. ताईंना धीर द्या. माहितगार लोक लिहितीलच.

---

मज्जारज्जू

कृष्णाकाठ, मी बालमेंदूविकाराच्या क्षेत्रात काम करते. तुमच्या भाच्याला तपासलेलं नाही, त्यामुळे निर्णय तुमच्या डॉक्टरांबरोबरच घ्या. मात्र काही गोष्टी इतक्या ठाम आहेत की इथे लिहायला हरकत नाही.

आधी दाह. टायफॉइडसारखा किंवा मेंदूज्वरासारखा हा जंतूंमुळे आलेला नाही. २६ कार्बनच्या साखळीची मेदाम्लं पेशीतल्या पेरॉक्सिझोम नावाच्या कप्प्यात मोडली जातात. त्यांना आत नेणारं प्रथिन बनवायची कृती एबीसीडी१ या जनुकात असते. ते प्रथिन बिघडलं की ही मेदाम्लं मोडत नाहीत आणि ॲड्रिनल ग्रंथी, मज्जारज्जू आणि मेंदूतल्या मायलिनमध्ये (चेतातंतूंवरच्या आवरणात) साठतात. इथपर्यंतचा प्रकार सगळ्याच एएलडी रुग्णांत जन्मापासून असतो. त्यातल्या साधारण एक तृतीयांशाहून थोड्या जास्त मुलग्यांत, बहुतेक वेळा ४ ते १० या वयात, पुढची पायरी येते. रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडसर एका जागी फुटतो, रक्तातल्या प्रतिकारपेशी आत शिरतात आणि मायलिन सोलवटत सुटतात. बहुतेकांत सुरुवात मागच्या बाजूला होते. डोळा आणि कान शाबूत असूनही मेंदूला दिसलेलं-ऐकलेलं उलगडत नाही, ते म्हणूनच. फोनवरचं न कळणं आणि श्रुतलेखन हे तुम्ही नेमकं टिपलंत.

आता स्टेरॉईड. हायड्रोकॉर्टिसोन ग्रंथीची उणीव भरून काढतं. ते जीव वाचवणारं आहे आणि आयुष्यभर घ्यावं लागेल, पण मेंदूतल्या दाहावर त्याचा काही परिणाम होत नाही. फार मोठ्या डोसची स्टेरॉईड, सायक्लोफॉस्फमाइड, इम्युनोग्लोब्युलिन, इंटरफेरॉन असं बरंच काही गेल्या काही दशकांत वापरून झालंय. मेंदूतला आजार कशानेही थांबला नाही.

थांबतो तो बीएमटीने, आणि तोही लवकर केला तर. लोस स्कोअर ० ते ३४ असा मोजतात. ९ च्या खाली असताना आणि मुलाची चालणं-बोलणं-गिळणं ही कामं शाबूत असताना केलेल्या बीएमटीचे निकाल चांगले आहेत. त्यापुढे गेलेल्या मुलात बीएमटीआधीच्या किमोथेरपीच्या धक्क्याने आजार उलट वेग घेऊ शकतो.

"थांबून बघू" या मताला आधार अगदीच नाही असं नाही. काही मुलांत डाग पडतो आणि आपोआप थबकतो, पण त्यांच्या डागाची कड कॉन्ट्रास्ट घेत नाही. तुमच्या भाच्याची घेतेय. मी असते तर थांबले नसते.

एक प्रश्न: मुलगा गेल्या वर्ष-दोन वर्षांत काळवंडलाय का? हिरड्या, हाताच्या रेषा, कोपरं? आणि साध्या तापात गळून जायचा का?

---

कृष्णाकाठ

हो, दोन्ही. हिरड्या तर जांभळट. तापात दरवेळी उलट्या आणि सलाईन. तुम्ही न बघता कसं ओळखलंत?

---

मज्जारज्जू

ग्रंथी कॉर्टिसॉल देत नाही म्हणून मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी एसीटीएच हे संप्रेरक वाढवत राहते, आणि त्याच्या जोडीने त्वचेतला रंगही वाढतो. ॲडिसनचा आजार तो हाच. एएलडी असलेल्या बऱ्याच मुलग्यांत हे मेंदूच्या आधी कित्येक वर्षं दिसतं. माझं एक जुनं गाऱ्हाणं आहे: ॲडिसन निघालेल्या प्रत्येक मुलग्याची व्हीएलसीएफए झालीच पाहिजे. आपल्याकडे हायड्रोकॉर्टिसोन लिहून देतात आणि फाइल बंद करतात.

---

उसाचा_फड

कृष्णाकाठ, मीही सांगलीकडचाच. माझ्या चुलतभावाच्या मुलाला हेच झालं होतं. तेव्हा एका रेडिओलॉजिस्टने मला फिल्म दिव्याला धरून दाखवली होती. फडाला आग लागल्यावर मध्ये राख आणि कडेने जाळ सरकत जातो, अगदी तसं चित्र होतं. मधलं जळून गेलं होतं, ते परत येत नाही. कडेची चमकणारी रेघ म्हणजे चालू आग. आमच्याकडे लोस स्कोअर १४ झाल्यावर कळलं. बीएमटी कुणीच करायला तयार झालं नाही, आणि ते बरोबरच होतं असं आता वाटतं. तुमचा ७ आहे. पळा.

---

टपरीवरचा

याच आजारावर एका इटालियन-अमेरिकन आईबापांनी तेल शोधलं होतं ना? त्यावर सिनेमाही आला होता. ते भारतात मिळत नाही का? मी वाचलं की त्यातलं मुख्य आम्ल मोहरीच्या तेलातही भरपूर असतं. मग घरचा स्वयंपाकच मोहरीच्या तेलात केला तर?

---

मज्जारज्जू

कृपा करून असं काही करू नका. ओडोन दांपत्याचं तेल म्हणजे ओलेइक आणि इरुसिक आम्लांची शुद्ध केलेली ट्रायग्लिसराइड्स, ४ ला १ या प्रमाणात. त्याने रक्तातली व्हीएलसीएफए उतरते हे खरं. पण मेंदूत दाह एकदा सुरू झाला की ते तेल तो थांबवत नाही, हे पुढे स्पष्ट झालं. त्यांचा मुलगा लोरेन्झो २००८ मध्ये तिसाव्या वर्षी गेला. डॉक्टरांनी दिलेल्या मुदतीपेक्षा खूपच जास्त जगला, पण फार लहानपणी अंथरुणाला खिळला होता. त्या आईबापांनी संशोधकांना ज्या रेट्याने कामाला लावलं त्याबद्दल मला कमालीचा आदर आहे. तेलाबद्दल नाही.

मोहरीच्या तेलात शुद्धीकरण नाही, मोजमाप नाही. शिवाय ही मेदाम्लं मुख्यतः शरीर स्वतःच बनवतं, त्यामुळे ताटातलं तेल-तूप बदलून आकडा फारसा हलत नाही.

---

निसर्गमित्र_५१

आधुनिक वैद्यक फक्त दाबून टाकतं. स्टेरॉईड बंद करून शरीरशुद्धी केली तर मूळ दोष जातो. आमच्या ओळखीत एक वैद्य आहेत, पंचकर्म आणि विशिष्ट औषधी तुपाने मेंदूची सूज...

*[पुढचा मजकूर आणि फोन नंबर काढून टाकला आहे. या विभागात जाहिरात चालत नाही. — संपादक]*

---

मज्जारज्जू

संपादकांचे आभार, तरीही हे लिहायलाच हवं. ॲडिसन असलेल्या मुलाचं हायड्रोकॉर्टिसोन अचानक बंद केलं तर रक्तदाब आणि साखर कोसळून मूल काही तासांत दगावू शकतं. गूळ, तूप, ध्यान, काय हवं ते करा, ती गोळी चुकवू नका. ताप आला की डोस दुप्पट-तिप्पट करावा लागतो. किती, ते तुमच्या एंडोक्रिनॉलॉजिस्टकडून कागदावर लिहून घ्या आणि कागदाची एक प्रत शाळेत द्या. उलटी होऊन गोळी पोटात राहत नसेल तर इंजेक्शन लागतं. ते घरात असावं आणि घरातल्या दोघांना तरी देता यावं.

---

हडसनकाठची

कृष्णाकाठदादा, मी नागपूरची, आता न्यूयॉर्कला असते. आमची गोष्ट उलट बाजूने सुरू झाली. माझा मुलगा जन्मला आणि काही आठवड्यांतच टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावरून फोन आला. न्यूयॉर्क राज्यात २०१३ च्या शेवटापासून प्रत्येक बाळाची एएलडीसाठी तपासणी होते. मला वाटलं, कुठली तरी चुकीची घंटा असेल. जेनेटिक कौन्सेलरने घराण्याची आकृती काढायला घेतली आणि विचारलं, "तुमच्या वडिलांना चालायला त्रास आहे का?"

बाबा पन्नाशीतच काठीवर आले होते. पाय ताठ, लघवीची घाई. मणक्यात गॅप आहे म्हणून त्यांचं एक ऑपरेशनही झालं होतं, उपयोग शून्य. त्यांची व्हीएलसीएफए केली. एएलडीच, मोठ्यांमधला, मज्जारज्जूचा प्रकार. म्हणजे आम्ही दोघी बहिणी वाहक, तपासायचीही गरज नाही: हे जनुक एक्स गुणसूत्रावर असतं आणि बापाचा एकुलता एक्स प्रत्येक मुलीकडे जातोच. मुलग्याकडे मात्र वाय जातो, त्यामुळे आमचा भाऊ सुटला. नागपूरच्या ताईचा मुलगा पाच वर्षांचा होता, त्याचं रक्त तेव्हाच पाठवलं. तो निगेटिव्ह.

माझा मुलगा आता शाळेत जातो, फुटबॉल खेळतो. ३ ते १२ या वयात दर सहा महिन्यांनी एमआरआय. त्या आठवड्यात आम्ही दोघं नवरा-बायको एकमेकांशी नीट बोलत नाही. रिपोर्ट स्वच्छ आला की पिझ्झा मागवतो. आजवर स्वच्छच आलाय.

तुमच्या ताईंच्या सासरच्यांना एवढंच सांगा: दोष आईकडून आला हे विज्ञानाने खरं, पण तिने तो कुठून दुकानातून आणला नाही. तिलाही तो कुणाकडून तरी आलाय आणि वय वाढल्यावर तिलाही त्रास होऊ शकतो. साठीपर्यंत बहुसंख्य वाहक बायकांना पायांचा थोडाफार त्रास सुरू होतो.

---

मज्जारज्जू

हडसनकाठची, फार मोलाचा प्रतिसाद. भारतात नवजात बाळांची एएलडीसाठी सरसकट तपासणी होत नाही, त्यामुळे आपल्याकडे घरातला पहिला आजारी मुलगा हाच बाकीच्यांचा इशारा ठरतो. बहुतेक वेळा दोष आईकडून येतो, नव्याने उपजलेला फार थोड्या मुलांत असतो.

कृष्णाकाठ, म्हणून दोन गोष्टी. धाकट्या भाच्याची तपासणी याच आठवड्यात करा. आणि अवघड वाटेल, पण विचारते: तुम्ही स्वतः तपासलंय का? बहिणीला दोष तुमच्या आईकडून आला असेल तर तुम्हालाही तो असण्याची शक्यता निम्मी आहे.

---

कृष्णाकाठ

...हे डोक्यातच आलं नव्हतं. बहिणीचं आणि पोरांचंच चाललं होतं सगळं.

---

पारिजात

इथे थोडं वेगळं विचारते. माझ्या मुलीला सीएलएन२ होता, बॅटन आजाराचा एक प्रकार. तिसऱ्या वर्षी झटके सुरू झाले, बोलणं तिथेच थांबलं, मग चालणं गेलं, शेवटी नजर. ती आता नाही. आमच्या डॉक्टरांनीही "मेंदूत दाह आहे" हाच शब्द वापरला होता. मग बीएमटी आम्हाला कुणी का नाही सांगितली? हा प्रश्न अजून मनातून जात नाही.

---

मज्जारज्जू

पारिजातताई, तुम्हाला कुणी काही लपवलं नाही. दोन्ही आजारांत मेंदूतल्या मायक्रोग्लिया, म्हणजे मेंदूच्या स्वतःच्या प्रतिकारपेशी, चेतवलेल्या दिसतात. पण सीएलएन२ मध्ये टीपीपी१ नावाचं विकर नसतं, पेशीत कचरा साठतो आणि चेतापेशी मरतात. तिथला दाह मुख्यतः त्या पडझडीच्या मागून येतो. तो विझवला तरी मूळ पडझड चालूच राहते. सीएलएन३ या दुसऱ्या प्रकारात दाह दाबायला अमेरिकेत मायकोफेनोलेटची छोटी चाचणी झाली. मुलांना औषध सोसलं, पण फायदा दाखवता आला नाही.

एएलडीच्या मेंदूत मात्र दाह हाच मुख्य मारेकरी आहे, आणि बीएमटीने रक्तपेशी बदलल्या की तो शमतो. लायसोसोमच्या (पेशीतला कचरा मोडणाऱ्या कप्प्याच्या) काही मोजक्या आजारांत बीएमटी उपयोगी पडते कारण दात्याच्या पेशी विकर पुरवतात, पण सीएलएन२ मध्ये ते साधलं नाही. त्यावर २०१७ मध्ये मान्यता मिळालेलं औषध आहे सर्लिपोनेज अल्फा. डोक्याच्या त्वचेखाली बसवलेल्या उपकरणातून, दर दोन आठवड्यांनी, थेट मेंदूच्या पोकळीत सोडतात. चालणं आणि बोलणं जाण्याचा वेग त्याने खूप कमी होतो. आपल्याकडे ते सहज मिळत नाही आणि किंमत कुठल्याही घराच्या आवाक्यातली नाही. तुम्ही जे करता येण्यासारखं होतं ते केलंत.

---

पारिजात

आभार. इतकं सरळ आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

---

हिशेबनीस

पैशांबद्दल कुणी लिहीना, म्हणून मी लिहितो. सरकारी कागदपत्रांत थोडा मुरलेला माणूस आहे.

केंद्राचं दुर्मीळ आजारांचं राष्ट्रीय धोरण २०२१ चं आहे. त्याच्या पहिल्या गटात, म्हणजे एकदाच केलेल्या उपचाराने आटोक्यात येणाऱ्या आजारांत, एएलडीचं नाव आहे. अट अशी की आजार सुरुवातीच्या टप्प्यात हवा, ठळक चेतासंस्थेची लक्षणं दिसण्याआधी. मदत ५० लाखांपर्यंत. त्यासाठी मुलाची नोंद सेंटर ऑफ एक्सलन्समध्ये व्हावी लागते. महाराष्ट्रात ते मुंबईचं केईएम. पैसे त्या केंद्राला मिळतात, तुमच्या खात्यात नाही, त्यामुळे दुसऱ्या कुठल्या खासगी रुग्णालयात आधी भरती होऊन मग बिलं लावू हा बेत चालत नाही. दोन्ही वाटा पहिल्या दिवसापासून समांतर चालवा. मुख्यमंत्री सहाय्यता निधी, सिद्धिविनायक न्यास, इतर ट्रस्ट यांना अर्ज करताना प्रत्येकाला डॉक्टरांच्या सहीशिक्क्याचं खर्चाचं अंदाजपत्रक मूळ प्रतीत लागतं. एकदम पाच-सहा प्रती सही करून घ्या, नाहीतर प्रत्येक वेळी परत रांग.

आणि लोस स्कोअर, तारीख आणि "अर्ली स्टेज" हे शब्द रिपोर्टमध्ये डॉक्टरांकडून स्पष्ट लिहून घ्या. कारकुनाला एमआरआय वाचता येत नाही, शब्द वाचता येतात.

---

टपरीवरचा

हिशेबनीस यांना +१००. हा प्रतिसाद धाग्याच्या वरच्या पोस्टमध्ये घाला कुणीतरी.

जीन थेरपीबद्दल काय? ती तर मूळच दुरुस्त करते ना?

---

मज्जारज्जू

मुलाच्याच मूळपेशी काढून त्यांत चांगलं जनुक बसवून परत द्यायचं. २००९ मध्ये पॅरिसमधून पहिले निकाल आले, २०२२ मध्ये अमेरिकेत त्या धर्तीच्या औषधाला मान्यता मिळाली. किंमत ३० लाख डॉलर. मेंदूवर ते चाललं, पण जनुक वाहून नेणाऱ्या विषाणूमुळे काही मुलांना रक्ताचा कर्करोग झाला. २०२५ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने चाचण्यांमधल्या ६७ पैकी १० मुलांचा आकडा दिला आणि जुळणारा दाता मिळत नसेल तरच वापरा असं बंधन घातलं. आपल्यासाठी आज तो मुद्दा नाही.

---

कृष्णाकाठ

अपडेट देतो. बरेच दिवस लिहिता आलं नाही.

धाकट्याची व्हीएलसीएफए वाढलेली आली. एमआरआय स्वच्छ, कॉर्टिसॉल सध्या ठीक. म्हणजे त्याला एएलडी आहे पण मेंदूत काही नाही. आता त्याचाही दर सहा महिन्यांनी एमआरआय. भावाला तो बोन मॅरो देऊ शकत नाही हे ओघाने आलंच, आणि आम्ही सगळे त्याच्याच मॅचिंगवर आशा लावून बसलो होतो. दात्री या अस्थिमज्जा दात्यांच्या नोंदणीत शोध घेतला, पूर्ण जुळणारा वेळेत मिळाला नाही.

शेवटी दाता दाजी. निम्मी जुळणी, हाप्लो म्हणतात ती. दाजींमध्ये तो दोष नाहीच, कारण मुलांना एक्स आईकडून आलेला. बैठकीत डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा दाजींची आई समोर होत्या. "म्हणजे आता आमच्या रक्ताने होणार," म्हणाल्या. बहीण त्यावर बऱ्याच दिवसांनी हसली. टोमणा होता की समेट, मला अजून कळलेलं नाही, पण त्या दिवसापासून धाकट्याला सांभाळायला त्या मुक्कामी आहेत आणि मागचा विषय घरात निघालेला नाही.

माझाही रिपोर्ट आला. पॉझिटिव्ह. कॉर्टिसॉल काठावर. संध्याकाळी पाय जड होतात ते मी दुकानात दिवसभर उभं राहण्यावर ढकलत होतो, आता न्यूरोलॉजिस्टकडे जायचंय. मला एक मुलगी आहे, सहा वर्षांची. ती वाहक असणारच.

---

अबोली_९

दादा, काय लिहावं कळत नाही. तुम्ही धाग्यावर इतरांना उत्तरं देताय आणि स्वतःचं एका परिच्छेदात उरकलंत.

---

हडसनकाठची

मुलीची आत्ता तपासणी करायला कुणी लावलं तरी घाई करू नका. तिला लहानपणी उपचार लागत नाहीत. मोठी झाल्यावर तिला समजावून तिच्या मर्जीने करता येते. आणि पुढेमागे तिच्या लग्नाच्या वेळी लपवायचं की नाही यावर आजपासून नातेवाइकांशी चर्चा करू नका. आमच्याकडे ती चूक बाबांच्या बहिणींनी केली, अजून निस्तरतोय. तिला मूल हवं असेल तेव्हा गर्भाची तपासणी, आयव्हीएफमध्ये भ्रूणाची तपासणी असे मार्ग आहेत.

---

मज्जारज्जू

सहमत. भारतातही गंभीर आनुवंशिक आजारासाठी गर्भाची तपासणी नोंदणीकृत केंद्रात कायद्याने करता येते. त्यासाठी वारेतल्या (प्लासेंटातल्या) पेशींचा नमुना साधारण ११ ते १३ आठवड्यांत घेतात. गर्भलिंग सांगायला बंदी आहे, आजाराच्या तपासणीला नाही. पुष्कळ डॉक्टरही या दोन्हींत गल्लत करतात.

घरातल्या बायकांच्या तपासणीबद्दल एक: वाहक बायकांपैकी साधारण १५-२० टक्क्यांची व्हीएलसीएफए नॉर्मल येते. त्यांच्यात जनुकाचीच तपासणी करावी लागते. तुमच्या मावश्यांपर्यंत आणि त्यांच्या मुलग्यांपर्यंत हे पोचवा.

कृष्णाकाठ, बीएमटीनंतरसाठी मनाची तयारी: पहिले काही महिने एमआरआय आणखी बिघडलेला दिसू शकतो. दात्याच्या पेशी रक्तात काही आठवड्यांत रुजतात, पण मेंदूतला दाह शमायला वेळ लागतो. तेवढ्यात जे जातं ते परत येत नाही. उपचार फसला असं समजून घाबरू नका.

---

कृष्णाकाठ

धागा वर काढतोय.

बीएमटी झाली. किमोत तोंडभर फोड, मग ताप, मग एक विषाणू रक्तात दिसला म्हणून आणखी मुक्काम. हायड्रोकॉर्टिसोनचा डोस दर तापाला वाढवायचा हे वॉर्डातल्या रात्रपाळीच्या नवीन डॉक्टरला बहिणीने कागद दाखवून सांगितलं. तो कागद तुमच्यामुळे होता.

मज्जारज्जू म्हणाल्या तसंच झालं, लोस ७ वरून ९ वर गेला. त्या दिवशी हा धागा परत वाचला आणि बहिणीलाही वाचून दाखवला. त्यानंतरच्या एमआरआयला कॉन्ट्रास्ट घेणारी कड दिसली नाही. परवाच्यातही नाही. स्कोअर ९ वरच. रक्तात दाजींच्या पेशी ९८ टक्के.

जे गेलं ते गेलंय. उजवीकडचं दिसत नाही, त्यामुळे पानाच्या उजव्या टोकाचे शब्द सुटतात. बहीण ओळ संपते तिथे लाल उभी रेघ मारून देते, रेघ सापडेपर्यंत वाचत राहायचं असं शिकवलंय. वर्गात पहिल्या बाकावर, उजव्या कडेला बसतो, म्हणजे सगळा वर्ग डावीकडे येतो. श्रुतलेखनातून सूट मिळावी म्हणून शाळेला पत्र दिलंय, अजून उत्तर नाही. क्रिकेटमध्ये त्याला यष्टिरक्षण हवं होतं, ते जमणार नाही. सध्या स्कोअरर आहे आणि पंचांशी भांडतो.

---

उसाचा_फड

फार बरं वाटलं वाचून. खरंच.

---

टपरीवरचा

स्कोअररने पंचांशी भांडायचं नसतं हे त्याला सांगा. बाकी अभिनंदन!

---

मोगरा_कोल्हापूर

पहिल्यांदाच लिहितेय. माझ्या नणंदेच्या मुलाला, वय ६, ॲडिसन निघून वर्ष होईल. अभ्यासात उत्तम आहे, मेंदूचं काहीही नाही. व्हीएलसीएफए कुणी सांगितली नाही. उगाच घाबरवल्यासारखं होईल म्हणून नणंदेला विचारायला जीव होत नाहीये. करावी का?

---

मज्जारज्जू

करावीच. मेंदूचं काही नाही तोवरच तिचा सगळ्यात जास्त उपयोग आहे. नणंदेला "ॲडिसनचं कारण शोधायची राहिलेली तपासणी" म्हणून सांगा, ते खरंही आहे. निगेटिव्ह आली तर विषय संपला. पॉझिटिव्ह आली तर लगेच एमआरआय.

---

कृष्णाकाठ

मोगराताई, व्यवहाराचं सांगतो. चिठ्ठीवर "व्हेरी लाँग चेन फॅटी ॲसिड्स" असं पूर्ण लिहून घ्या, नुसतं "फॅटी ॲसिड" लिहिलं की लॅबवाले कोलेस्टेरॉलची तपासणी करून मोकळे होतात. रक्त सकाळी उपाशीपोटी, पण ॲडिसनच्या मुलाला फार वेळ उपाशी ठेवू नका, पहिला नंबर लावा आणि गोळीची वेळ आधी डॉक्टरांना विचारा. नमुना बाहेरगावी जातो, त्यामुळे शनिवारी देऊ नका. रिपोर्टमध्ये सी२६ चा (२६ कार्बनच्या मेदाम्लाचा) आकडा आणि सी२६ भागिले सी२२ हे गुणोत्तर बघायचं. आला की मला खाजगी निरोपातून पाठवलात तरी चालेल, मज्जारज्जूंना इथेच विचारू.